‘शेल गॅसच्या तंत्राने बोअरला पाणी’: औसा तालुक्यात घेतलेल्या हायड्रोफ्रॅक्चरिंग सेवेचा अनुभव

लातूरहून औशाकडे येताना रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची पाटी दोन वर्षे माझ्या नजरेत खुपत होती. ‘बंद पडलेल्या बोअरला शेल गॅसच्या अमेरिकन तंत्राने पाणी, दुप्पट पाण्याची हमी’ असा तिचा मजकूर. माझी नोकरी गुजरातेत खंबातच्या खोऱ्यातील तेलविहिरींवर मड लॉगिंग करण्यात गेली, म्हणजे विहीर खोदली जात असताना वर येणारा दगडाचा चुरा धुऊन, भिंगाखाली पाहून, किती मीटरवर कोणता खडक लागला आणि त्यातून कोणता वायू येतो आहे हे लिहून ठेवण्यात. त्यामुळे ‘शेल गॅस’ हा शब्द बोअरच्या पाटीवर पाहून आधी हसू आले आणि मग, खरे सांगायचे तर, उत्सुकता वाटली. यंदा एप्रिलमध्ये घरचाच बोअर दमल्यावर ती सेवा, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकातल्या चिरा उघडण्याचे हायड्रोफ्रॅक्चरिंग, बोलावली. व्यवसाय लहान असल्यामुळे त्यांचे नाव लिहीत नाही. जे सांगतो आहे ते अशी सेवा देणाऱ्या कोणाकडेही जाण्यापूर्वी उपयोगी पडावे.

पाटीवरचा दावा तपासायचा तर आधी खडक पाहावा लागतो. शेल हा गाळाचा खडक आहे. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी अतिशय बारीक चिखल साचतो, त्यात सूक्ष्म जीवांचे आणि वनस्पतींचे अवशेष गाडले जातात, वरच्या थरांच्या भाराने तो चिखल खोल जातो, तापतो, आणि त्या सेंद्रिय द्रव्याचे प्रथम तेल व पुढे अधिक उष्णतेत वायू होतो. हा वायू बाहेर पडायला जागा मिळाली तर वरच्या वालुकाश्मात जाऊन साठतो, आणि आपण ज्याला नेहमीचे वायुक्षेत्र म्हणतो ते तयार होते. बराचसा वायू मात्र जन्मस्थानीच, म्हणजे शेलमध्येच, अडकून राहतो. काही बारीक छिद्रांत मोकळा आणि काही सेंद्रिय कणांना चिकटलेला. शेलची पारगम्यता, म्हणजे द्रव-वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता, चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असते. तेव्हा तिथे वायू आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि तो बाहेर कसा काढायचा हा मुख्य.

आपल्या मराठवाड्याच्या जमिनीखाली असे काही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, आणि दख्खनचा काळा पाषाण झाला. या पाषाणाखाली काय आहे याचे उत्तर आमच्याच तालुक्यात मिळाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल संशोधन-विवर घेतले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, लागला, त्याखाली गाळाच्या खडकाचा थर केवळ ८ मीटर, आणि त्याखाली थेट अतिप्राचीन पायाभूत खडक. त्या आठ मीटरांच्या चतकोरावर शेल गॅसचे क्षेत्र उभे राहत नाही. गंमत अशी की खंबातच्या खोऱ्यात याच काळ्या पाषाणाचा तळ आहे आणि वायूला जन्म देणारा कॅम्बे शेल त्याच्या वर बसलेला आहे. चुऱ्यात काळा दगड दिसला की तिथे आम्ही ‘ट्रॅप लागला’ असे लिहायचो आणि खोदकाम थांबायचे. ज्या दगडाशी माझे काम संपत असे, त्याच दगडाशी गावाकडे बोअरचे काम सुरू होते.

माझा बोअर १९० फूट आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटर, म्हणजे सुमारे १९७ फुटांपलीकडच्या विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर बंधने घातली आहेत, म्हणून मी आत थांबलो होतो. बोअरच्या गाडीवाल्याला त्या वेळी माझा फार त्रास झाला असणार, कारण दर दहा फुटांना चुरा उचलून मी पिशवीत भरत होतो आणि तो दर वेळी रॉड जोडताना माझ्याकडे पाहत होता. पण त्या वहीमुळेच पुढची गोष्ट घडली. वहीत असे होते: ३ फुटांपर्यंत काळी माती, २८ पर्यंत मुरूम, ६२ पर्यंत भेगाळलेला पाषाण, ६२ ते ६८ तांबडी गेरूसारखी माती, ६८ ते ८० सच्छिद्र दगड, त्यात ७४ ला मुख्य पाणी, त्याखाली तळापर्यंत एकसंध काळा पाषाण आणि १४० च्या आसपास जेमतेम ओल. केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून बसवलेला पाइप, ४० फुटांपर्यंत.

तांबडी माती म्हणजे दोन लाव्हा थरांमधला विसावा. एक थर थंड झाला, वरचा भाग उन्हापावसात झिजला, मग दुसरा थर आला आणि ती माती भाजून लाल झाली. तिच्यातून पाणी वाहत नाही, पण तिच्या लगत वरखाली सच्छिद्र दगड असतो आणि त्या भागात पाणी सापडण्याची शक्यता मोठी. एकसंध पाषाणात पाणी असते ते फक्त चिरांमध्ये. बोअर चिरेपासून हातभर अंतरावरून गेला तरी कोरडा निघतो, आणि शेजाऱ्याचा पन्नास पावलांवरचा वाहता राहतो. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की नाही यावर आपल्याकडे अजून भांडणे होतात, ती याच हातभर अंतरामुळे.

आता तंत्राकडे येऊ. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने पहिली विहीर १९८१ मध्ये घेतली. खडक सुमारे ३३ कोटी वर्षे जुना, खोली साधारण दोन ते अडीच किलोमीटर. वायू आहे हे ठाऊक होते. परवडेल इतका निघत नव्हता. घट्ट, महागडे जेल दाबाने सोडून खडक फोडण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे चालले. १९९७-९८ मध्ये त्यांच्याकडचे अभियंते निक स्टाइन्सबर्गर यांनी जेलऐवजी जवळजवळ साधे पाणी, त्यात घर्षण कमी करणारे थोडे द्रव्य आणि वाळू, असे मिश्रण वापरून पाहिले, आणि विहिरी स्वस्तही झाल्या व अधिक काळ चालल्याही. पहिल्या विहिरीपासून इथवर यायला सुमारे सतरा वर्षे लागली. २००२ मध्ये ती कंपनी डेव्हॉन या कंपनीने घेतली आणि उभ्या विहिरी वळवून थरातून आडव्या नेण्याचे कसब या मिश्रणाला जोडले गेले. आडवी विहीर कोणत्या दिशेने न्यायची हे खडकातल्या ताणावरून ठरते: ज्या दिशेने खडक सर्वांत कमी दाबलेला असतो त्या दिशेने विहीर नेली, तर चिरा तिला काटकोनात, पानांसारख्या उघडतात. चिरा उघडल्यावर वाळूचे कण आत अडकून त्या मिटू देत नाहीत. आपल्या देशात जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीने दुर्गापूरजवळ इच्छापूरला सुमारे १,७०० मीटरवरच्या शेलमधून पहिल्यांदा वायू काढला, आणि २०१३ च्या धोरणाने सरकारी कंपन्यांना शोधाची परवानगी मिळाली; अमेरिकेसारखा विस्तार मात्र झालेला नाही.

त्याचे एक कारण पाणी आहे, आणि ते लातूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एका आडव्या विहिरीचे टप्प्याटप्प्याने फ्रॅक्चरिंग करायला एक-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. म्हणजे एका विहिरीसाठी तशा चार ते आठ मोठ्या गाड्या. ज्या स्टेशनवर आम्ही टँकरची वाट पाहत उभे होतो, तिथे हा हिशेब करताना अंगावर काटा येतो.

बोअरचे हायड्रोफ्रॅक्चरिंग याच कुळातले, पण फार लहान भावंड आहे. ते नवेही नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हातपंपांच्या बोअरसाठी ते कधीपासून करते आहे. पॅकर नावाचा रबरी फुगा बोअरमध्ये ठरावीक खोलीवर सोडून फुगवतात, म्हणजे वरचा भाग बंद होतो. मग खालच्या भागात पाणी दाबाने भरतात. साठ मीटरवर वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरला साधारण सोळा-सतरा किलो येतो. त्यावर मात करून चीर उघडायची. शेल गॅसमध्ये हा दाब साडेतीनशे ते सातशे किलोंपर्यंत जातो, इथे शंभराच्या आसपास भागते. वाळू घालत नाहीत. जुन्या चिरांत अडकलेली माती आणि बोअर घेताना कोंबला गेलेला चुरा धुऊन निघणे आणि चीर थोडी लांबणे, एवढीच अपेक्षा असते. शिवाय इतक्या उथळ जागी खडकावरचा उभा भार सर्वांत कमी असल्यामुळे नवी चीर बहुधा आडवी पसरते आणि पसरता पसरता पाषाणातल्या उभ्या सांध्यांना जाऊन मिळते. त्या चिरेतून नवे पाणी मात्र निर्माण होत नाही. शेलमध्ये वायू दगडातच भरलेला असतो. आपल्या पाषाणात मुरलेल्या पावसाशिवाय काही नसते. पाटीवरची हमी इथेच खोटी ठरते, कारण चीर कुठे जाऊन मिळेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही.

सेवेचा दिवस असा गेला. सकाळी आठची वेळ दिली होती, गाडी दुपारी दोनला आली. फोनवर सांगितलेल्या २७,००० रुपयांत तीन ठिकाणी पॅकर बसवणे एवढेच होते. बोअरमधली मोटार आणि पाइप काढून ठेवणे आमच्याकडे, आणि दहा हजार लिटरचा टँकरही आमच्याकडे, हे गाडी दारात उभी राहिल्यावर कळले. मोटारीचे अडीच हजार आणि टँकरचे दोन हजार असे साडेचार हजार वाढले. ही गोष्ट फोनवरच सांगायला हवी होती. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतले हे कोणाला माहीत नसते आणि ते आपण पिण्याच्या बोअरमध्ये जोराने भरणार असतो, तेव्हा त्यात ब्लीचिंग पावडर टाकणे आवश्यक आहे. त्यांच्याकडे ती नव्हती. ग्रामपंचायतीतून मागवून मीच टाकली.

यंत्र चालवणारा मुलगा पंचविशीचा, कामात चोख. पण त्याने पॅकर ४५ फुटांवर, केसिंगच्या जरा खाली, सोडायला घेतला. ‘सगळीकडं इथूनच सुरू करतो सर,’ असे तो म्हणाला. मी वही दाखवली. तिथे बसवला असता तर ६२ ते ६८ फुटांतली तांबडी माती दाबाखाली आली असती, ती फुगून ढासळली असती आणि आहे तेही पाणी गढूळ झाले असते. शिवाय भेगाळलेल्या दगडात फुगा नीट धरतही नाही. त्याने वही दोनदा वाचली, चुऱ्याच्या पिशव्या पाहायला मागितल्या आणि ‘मग ८५ घेऊ’ असे स्वतःच सांगितले. या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. अनुभवाचा ताठा असलेली माणसे मी तेलविहिरींवर पुष्कळ पाहिली आहेत. या मुलाने पाच मिनिटांत मत बदलले.

८५ फुटांवर दाब चढत चढत नव्वद किलोपर्यंत गेला आणि दाबमापकाचा काटा एकदम चाळीसवर उतरला. चीर उघडल्याची ही खूण. आवाज काहीच होत नाही, फक्त काटा पडतो आणि पंपाचा सूर हलका होतो. पाच हजार लिटर पाणी त्या चिरेत गेले. याच वेळी सत्तर पावलांवरच्या शेजारच्या काकांच्या बोअरमधून गुडगुड ऐकू आली आणि काका धोतर सावरत धावत आले. ‘आमचं पाणी वढून घेतलं का काय?’ या प्रश्नाला घाईत उत्तर देता येत नाही. शेल गॅसच्या क्षेत्रातही नव्या विहिरीचे पाणी जुन्या शेजारच्या विहिरीत शिरते आणि तिचे उत्पादन कधी वाढते, कधी घटते. तिथे कंपन्यांचे वकील उभे राहतात, इथे काका उभे राहिले. दोन्ही बोअर एकाच चिरेच्या जाळ्यात आहेत एवढे त्या गुडगुडीने सिद्ध झाले, आणि हे खरे तर दोघांनाही आधी माहीत असायला हवे होते.

दुसऱ्यांदा १२५ फुटांवर एकशे पंधराला काटा पडला, तीन हजार लिटर गेले. तिसऱ्यांदा १६० फुटांवर दाब एकशे चाळीसपर्यंत नेला, दहा मिनिटे धरला, तरी काटा हलला नाही. पंपाची मर्यादा तेवढीच होती. त्याने ताणले नाही, थांबवले. योग्यच केले. नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने तासभर बोअर धुतला. आधी काळपट राखाडी गाळ आला, मग पाणी निवळत गेले, तांबडा रंग एकदाही आला नाही.

गल्लीतल्या एका मावशींनी किल्लारीत माहेर गमावले आहे. त्या सगळा वेळ ओट्यावर बसून होत्या आणि शेवटी त्यांनी विचारले, ‘एवढ्या दाबानं पुन्हा जमीन हालणार नाही ना?’ या प्रश्नाला आमच्या भागात हसून चालत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये जमिनीत पाणी सोडल्यामुळे भूकंप झाले हे खरे आहे. ३ सप्टेंबर २०१६ चा पॉनीचा धक्का ५.८ तीव्रतेचा होता. पण तिथे मुख्य कारण फ्रॅक्चरिंगचे पाणी नव्हते. तेल-वायूबरोबर वर येणारे खारे पाणी वर्षानुवर्षे, कोट्यवधी लिटर, किलोमीटरच्या हिशेबात खोल थरांत जिरवले जात होते, आणि ते जुन्या भ्रंशांपर्यंत, म्हणजे खडक सरकतो त्या खोल भेगांपर्यंत, पोहोचले. आमच्या अंगणात एका टँकरपेक्षाही कमी पाणी गेले, तेही पन्नास मीटरच्या आत. मावशींना मी एवढेच सांगितले की हा टँकर भूकंपाच्या मानाने भांडे धुतल्याच्या पाण्याइतका. त्यांना ते पटले की नाही, ठाऊक नाही.

आता आकडे, कारण त्यांच्याशिवाय हे परीक्षण म्हणजे पाटीसारखेच होईल. आदल्या दिवशी मोटार चालवून दोनशे लिटरचा ड्रम भरायला ६ मिनिटे ४० सेकंद लागत होती, म्हणजे ताशी सुमारे १,८०० लिटर, आणि पंचवीस मिनिटांनी मोटार हवा ओढू लागत होती. दोन दिवसांनी तोच ड्रम ३ मिनिटे १० सेकंदांत भरला, ताशी सुमारे ३,८०० लिटर, आणि मोटार सलग एक तास दहा मिनिटे चालली. दुप्पट झाले, हमी खरी ठरली, असे कोणी म्हणेल. पण त्या दिवशी आम्हीच ओतलेले पाणीही त्यात होते. महिन्याने, मेमध्ये, वेळ ४ मिनिटांवर आली, ताशी ३,००० लिटर. शेल गॅसच्या विहिरींतही पहिल्या वर्षातच उत्पादनाचा मोठा भाग घटतो, तेव्हा उतार येणार हे मी गृहीत धरलेच होते. मेच्या उन्हात मूळच्या दीडपटीहून अधिक पाणी टिकले हे मी चांगले यश मानतो. काकांच्या बोअरची वेळ मी त्यांच्याच ड्रमवर घेतली. तिथे काही फरक पडलेला नाही, आणि ते आता माझ्याशी पुन्हा बोलू लागले आहेत.

खर्चाचा विचार केला तर एवढ्या पैशांत याच खोलीचा नवा बोअर कदाचित झाला असता. तो कोरडा गेला असता तर पैसेही गेले असते आणि अंगणात आणखी एक भोक उरले असते. बोअर नव्याने घेतल्यापासूनच कोरडा असेल, किंवा केवळ मुरुमातच असेल, तर ही सेवा बोलावू नये. पूर्वी चांगला चालणारा, पाषाणात असलेला आणि हळूहळू दमलेला बोअर असेल, तर बोलवावी.

नाराजी आहे ती कागदावर. हाती दिलेल्या बिलावर ‘तीन ठिकाणी यशस्वी फ्रॅक्चरिंग’ असे छापील वाक्य होते. तिसऱ्या ठिकाणी काटा पडलाच नव्हता. कोणत्या खोलीवर किती दाब चढला, कुठे उतरला, किती लिटर पाणी गेले, यांपैकी एकही आकडा बिलावर नव्हता आणि त्यांच्या वहीतही नव्हता, कारण त्यांच्याकडे वहीच नव्हती. या पट्ट्यात त्यांनी शेकडो बोअर केले असल्याचे ते सांगतात. त्या शेकडो बोअरांचे आकडे असते तर औसा-निलंग्याच्या पाषाणात कोणत्या खोलीवर चीर उघडते आणि कुठे उघडत नाही याचा नकाशा आज त्यांच्या हाती असता, आणि आमच्या बोअरला १६० फुटांवर वेळ व डिझेल जाळायची गरज पडली नसती. बार्नेटमध्ये ती सतरा वर्षे फुकट गेली नाहीत, कारण फसलेल्या विहिरींचे आकडेही पुढच्या विहिरींना उपयोगी पडले. पाटीवर अमेरिकन तंत्र लिहिले आहे. त्यातले हेच तेवढे आणायचे राहिले.

मालकांना फोन करून हे सांगितले. बिल बदलून देतो म्हणाले. अजून आलेले नाही. यंत्रावरच्या मुलाने मात्र जूनमध्ये स्वतः फोन करून माझ्या वहीतल्या पानाचा फोटो मागितला, आणि निलंग्याकडच्या एका बोअरवर पॅकर कुठे बसवू असे विचारले. मी विचारले, तिथला चुरा कोणी ठेवला आहे का? नव्हता.